मुलांच्या हाती नेमबाजीचे पिस्तूल

श्रोतेहो, आजचा विषय मी निवडला असे म्हणण्यापेक्षा तो माझ्या दाराशी चालून आला असे म्हणणे अधिक खरे होईल. दर्यापूरकडचा माझा एक बालमित्र मध्यंतरी काही कामानिमित्त अमरावतीस आला होता. चहा झाला, कपाशीची आणि तुरीची चौकशी झाली, आणि मग उठता उठता तो पुन्हा खाली बसला. त्याची मुलगी अकरा वर्षांची, सहावीत शिकते. २०२४ सालच्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरने हवेच्या पिस्तुलाने दोन कांस्यपदके मिळवली, ते या मुलीने मोबाइलवर पाहिले. तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरे काही नाही. मित्र म्हणाला, "तिले तसं पिस्तूल पाह्यजे म्हनते. तूच सांग बाप्पा, हो म्हनू का नाही म्हनू?"

हा प्रश्न त्याने मलाच का विचारावा, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही. आम्ही दोघे त्या मुलीएवढे असताना उन्हाळ्याच्या सुटीत गावात एक छर्र्याची बंदूक आली होती. आणली होती एका थोराड मुलाने, पण त्या दुपारी ती माझ्या हातात होती. विहिरीच्या दगडी काठावर एक होला बसला होता. मी नेम धरला, चाप ओढला. होला उडून गेला, छर्रा दगडावर आपटून उलटला आणि बाजूला उभ्या असलेल्या माझ्या या मित्राच्या डाव्या डोळ्यात शिरला. बैलगाडीने, मग मोटारीने अकोल्याला नेले. डोळा वाचला नाही. त्याच्या वडिलांनी ती बंदूक त्याच विहिरीत टाकली. मला कोणी मारले नाही, रागावलेही नाही, आणि तेच मला फार दिवस जड गेले.

तेव्हा श्रोतेहो, हवेचे पिस्तूल हे खेळणे आहे असे मी तुम्हाला कधीच सांगणार नाही. पण मी मित्राला त्या दिवशी 'नाही' असेही म्हणालो नाही. पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. महाविद्यालयात एन.सी.सी.चे काम पाहिल्यामुळे पॉइंट टू-टू रायफलीचा सराव मी घेतलेला आणि घेववलेला आहे. पण दहा मीटरवरचे हवेचे पिस्तूल ही वेगळी विद्या. ती शिकवणाऱ्या एका प्रशिक्षकाकडे मी चार संध्याकाळी नुसता बाकावर बसून पाहत राहिलो. जे पाहिले ते आज सांगतो.

प्रथम खेळ कसा आहे ते पाहू. खेळाडू दहा मीटरवर, म्हणजे साधारण तेहतीस फुटांवर उभा राहतो. समोर जमिनीपासून सुमारे १.४ मीटर उंचीवर एक चौकोनी कार्ड. त्यावर जवळजवळ सहा सेंटिमीटर व्यासाचा काळा गोल, आणि त्याच्या मध्यभागी दहा गुणांचे वर्तुळ. या वर्तुळाचा व्यास साडेअकरा मिलिमीटर, शर्टाच्या गुंडीएवढा म्हणा ना. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, शिशाचा, वजनाने सुमारे अर्धा ग्रॅम, आणि पुढून चपटा. चपटा अशासाठी की कागदाला फाटके भोक न पडता कातरल्यासारखे गोल छिद्र पडावे आणि गुण नीट मोजता यावेत. मोठ्या स्पर्धेत असे साठ बार. कागदी कार्ड असेल तर त्यासाठी दीड तास मिळतो, विजेवरचे लक्ष्य असेल तर सव्वा तास. साठ बारांचे सहाशे गुण. पुरुषांना आणि स्त्रियांना आता संख्या सारखीच आहे. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकपासून हा प्रकार तिथे खेळला जातो.

पिस्तूल एकाच हाताने धरायचे, हा यातला कळीचा नियम. दुसऱ्या हाताचा आधार नाही, मनगटालाही टेकू नाही. पॅरिसला तुर्कस्तानच्या युसुफ दिकेच या एक्कावन्न वर्षांच्या गृहस्थांनी एक हात खिशात घालून रौप्यपदक मिळवले, त्यांचे छायाचित्र जगभर गाजले. आपल्याकडच्या मुलांना तो रुबाब वाटला. रुबाबाचा त्यात काही संबंध नाही. मोकळा हात लोंबत राहिला तर तो शरीराला हेलकावे देतो, म्हणून तो खिशात किंवा पट्ट्यात अडकवून ठेवायचा, एवढेच.

आता नेमाकडे येऊ. शिक्षकबंधूंनी इथे थोडे लक्ष द्यावे, कारण वर्गात सांगण्याजोगी गोष्ट आहे. द्रोणाचार्यांनी विचारले आणि अर्जुन म्हणाला की मला पोपटाचा डोळा तेवढा दिसतो, ही कथा आपण सर्वांनी सांगितली आहे. पिस्तुलाच्या नेमबाजीत मात्र अर्जुनाचे हे उत्तर चुकीचे ठरते! पिस्तुलाच्या नळीवर पुढे एक माशी असते आणि मागे एक खाच. नेमबाजाची नजर माशीवर असली पाहिजे. माशी स्वच्छ, तिच्या दोन्ही बाजूंची उजेडाची फट सारखी, आणि समोरचा काळा गोल धूसर. मुलाला 'नेम धर' म्हटले की ते डोळे फाडून गोलाकडे पाहते आणि तिथेच फसते.

असे का, ते गणिताने समजते. माशी आणि खाच यांत अंतर समजा ३५ सेंटिमीटर आहे. सगळा हात सरळच्या सरळ एक मिलिमीटर बाजूला सरकला, तर कार्डावर छर्राही एकच मिलिमीटर सरकतो. त्याने बिघडत नाही. पण मनगट वळले आणि माशी खाचेत एक मिलिमीटर बाजूला गेली, तर दहा मीटरवर छर्रा जवळजवळ २९ मिलिमीटर बाजूला जातो. दहाचा नेम सातावर! भूमितीतले समरूप त्रिकोण आहेत हे. फळ्यावर काढून दाखवा, मग पट्टी आणि दोरा घेऊन अंगणात दाखवा. हात थोडा हलणारच, जगातल्या सर्वांत चांगल्या खेळाडूचाही हलतो. त्या हलण्याशी भांडायचे नाही. माशी सांभाळायची.

हे मी मित्राला सांगत होतो तेव्हा तो मध्येच म्हणाला, "म्हंजे नजर एकाच डोयाची लागते?" मी म्हणालो, नेमाला एकच लागते. दुसऱ्या डोळ्यापुढे कित्येकजण पुठ्ठ्याची झापड लावतात. यावर तो हसला. मला हसता आले नाही.

चाप ओढण्याचेही असेच. बोटाने झटका दिला की नळी खाली जाते. स्पर्धेच्या नियमाने चापाला निदान अर्धा किलोचा दाब लागला पाहिजे, आणि तो दाब हळूहळू वाढवायचा असतो. आपल्या वावरात सराईत बाई कापूस वेचते तेव्हा बोंडातून कापूस कसा अलगद सुटतो, फांदीला कळतसुद्धा नाही, तसा बार सुटला पाहिजे.

पण ज्या गोष्टीसाठी मी हे सारे सांगतो आहे ती वेगळीच आहे. पहिल्या संध्याकाळी तिथे बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा सराव करत होता. त्याने हात उचलला, कार्डाच्या वर नेला, श्वास सोडत खाली आणला, नेमावर थांबला, आणि बार न काढता हात खाली घेऊन पिस्तूल मेजावर ठेवले. पुन्हा उचलले, पुन्हा ठेवले. मला वाटले पोर घाबरले. प्रशिक्षक म्हणाले, "नाही सर, आता कुठे शिकायला लागलाय तो." हात नेमावर आल्यापासून सहा-आठ सेकंदांत बार सुटला तर सुटला. त्याहून उशीर झाला की छातीतला श्वास कमी पडतो, डोळा थकतो, आणि मग माणूस 'होऊन जाऊ दे एकदाचे' म्हणून चाप ओढतो. तो बार हमखास वाया जातो. म्हणून ज्याला पिस्तूल खाली ठेवता येते त्यालाच ते उचलू द्यायचे. या मुलाला दीड महिना रिकाम्या पिस्तुलाने हेच शिकवले होते, छर्रा दिलाच नव्हता.

विहिरीवरच्या त्या दुपारी मला नेम येत होता की नाही हा प्रश्नच नव्हता. न मारण्याची मुभा असते, हेच मला ठाऊक नव्हते. हातात बंदूक आली म्हणजे ती उडवायची. लक्ष्याच्या मागे काय आहे, बाजूला कोण उभे आहे, हे पाहायचे असते असे कोणी सांगितले नव्हते. सांगणारा तिथे कोणी मोठा माणूसच नव्हता. माझ्या मते या खेळातले सगळे शिक्षण त्या दुपारी जे जे नव्हते त्याचेच बनलेले आहे.

ते थोडक्यात सांगतो. मागे जाड भिंत किंवा छर्रा अडवून खाली पाडणारी लोखंडी पेटी पाहिजे, उघडा दगड नको. पिस्तुलाचे तोंड सदैव लक्ष्याकडे, रिकामे असले तरी. बोट चापाबाहेर, नेमावर येईपर्यंत. हुकूम एकाचाच चालतो. 'थांबा' म्हटले की अर्धा दाबलेला चापही सोडायचा. सगळी पिस्तुले उघडून मेजावर ठेवली, नळीतून रंगीत दोरी ओवून ती रिकामी असल्याचे दिसले, की मगच कोणी कार्ड आणायला पुढे जायचे. डोळ्यांना चष्मा, खेळणाऱ्याच्या आणि पाहणाऱ्याच्याही. छर्रे शिशाचे असतात आणि शिसे मुलांना घातक, तेव्हा खिळे तोंडात धरणाऱ्या सुताराची नक्कल करून पोरे छर्रे तोंडात धरतात ती सवय पहिल्या दिवशीच मोडायची. साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावू द्यायचा नाही.

कायद्याचेही दोन शब्द. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ज्या हवाई शस्त्राची ऊर्जा वीस ज्यूलहून कमी आणि नळी साडेचार मिलिमीटरचीच, त्याला परवान्याची गरज नाही. स्पर्धेच्या पिस्तुलाचा छर्रा पाच-सहा ज्यूल ऊर्जेने निघतो, म्हणजे तो या मर्यादेच्या पुष्कळ खाली. पण परवाना नको याचा अर्थ धोका नाही असा कृपा करून घेऊ नका. डोळा जायला त्याहून फार कमी पुरते. आणि पाखरांवर नेम धरणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. अरुणाचल प्रदेशात २०२१ साली लोकांनी आपल्या छर्र्याच्या बंदुका सरकारजमा कराव्यात म्हणून मोहीम निघाली, पुष्कळांनी आणून दिल्या. रानातली पाखरे मुकी होत चालली होती म्हणून ती काढावी लागली. मुलाला पहिल्यापासून गोल कार्डच द्यावे. बाटल्या नकोत, पाखरांची चित्रे नकोत, माणसाच्या आकाराचे पुठ्ठे तर मुळीच नकोत.

मग वय कोणते? पिस्तूल नियमाने दीड किलोपर्यंत असू शकते, सामान्यतः एक किलोच्या आसपास असते. दहा वर्षांच्या मुलाने हात लांब करून एक किलो वजन धरून पाहावे, खांदा लगेच बोलू लागतो. घाई केली तर पाठ वाकते आणि वाकडी उभे राहण्याची सवय जन्मभर जात नाही. जर्मनीत बारा वर्षांखालच्या मुलांना साधारणपणे छर्र्याचे हत्यार न देता प्रकाशकिरणाच्या बंदुकीवर शिकवतात. आपल्या शाळेत तेही नको. अर्धा लिटरची पाण्याची बाटली पुरे. भिंतीवर पाच रुपयांच्या नाण्याएवढा काळा ठिपका काढा, मुलाला आडवे उभे करा, बाटली हातात धरून हात ठिपक्यावर आणा, पाच आकडे मोजा, हात खाली. दहा वेळा करा. बाकीचे कोणी बोलायचे नाही. पंधरा मिनिटांत कोणत्या मुलाला हे रुचते आणि कोणाला नाही ते शिक्षकाला दिसते. ज्याला रुचत नाही त्याला कबड्डीला पाठवा, त्यात कमीपणा नाही.

काही पालक म्हणतील, पण हत्यारच ना शेवटी? आपल्या अमरावतीने हा प्रश्न फार पूर्वी सोडवलेला आहे. १९१४ साली वैद्य बंधूंनी इथे हनुमान आखाडा काढला, त्याचेच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. १९३६ साली त्यांचे पथक बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जाऊन आपले देशी खेळ दाखवून आले. लाठी, भाला, जंबिया हे सारे तिथे पिढ्यान् पिढ्या शिकवले गेले. आमच्या आजोबांच्या पिढीने आपली पोरे विश्वासाने तिथे सोडली, कारण हत्याराला हात लावण्याआधी आखाड्याच्या मातीला हात लावावा लागे आणि समोर वस्ताद उभा असे. अकोल्यात मुष्टियुद्धाची सरकारी क्रीडा प्रबोधिनी आहे, अमरावतीत तिरंदाजीची. साताऱ्याकडच्या सरडे गावचा प्रवीण जाधव या अमरावतीच्या प्रबोधिनीत धनुष्य शिकला आणि टोकियो ऑलिम्पिकपर्यंत गेला. बाणाची भीती आपण घालवली आहे. मग छर्र्याचीच का राहावी?

पिस्तूल-रायफलीत महाराष्ट्राची मोठी नावे कोल्हापूरकडची. तेजस्विनी सावंत यांनी २००६ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, त्यांच्याच शाळेतल्या राही सरनोबत यांनी ते पाहून पिस्तूल हाती घेतले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटरचे सुवर्ण आणले. कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे हा शिक्षकाचा मुलगा. २००९ साली वडिलांनी त्याला क्रीडा प्रबोधिनीत घातले, पहिले वर्ष नुसत्या शरीरमेहनतीचे झाले आणि मग त्याने नेमबाजी निवडली. १ ऑगस्ट २०२४ रोजी त्याने पॅरिसला रायफलीत कांस्य मिळवले. मध्ये पंधरा वर्षे गेली. हा हिशेब मी मित्राला मुद्दाम सांगितला. नाशिकचे भीष्मराज बाम, पोलीस खात्यातले मोठे अधिकारी, यांनी तर नेमबाजांच्या मनाची तयारी योगाच्या पायावर करून घेण्याचे काम आयुष्याच्या उत्तरार्धात मांडले. २०१७ साली ते गेले.

खर्चाबद्दल लपवाछपवी नको. स्पर्धेचे परदेशी पिस्तूल लाखाच्या पुढे जाते. कास्तकाराच्या घरी लाख रुपये म्हणजे काय, हे मी सांगायला नको. पण ते पहिल्या वर्षी लागत नाही, दुसऱ्याही वर्षी लागू नये. शिकवणाऱ्याकडचे एक पिस्तूल सहा-सात मुलांत फिरते. जो प्रशिक्षक पहिल्याच आठवड्यात खरेदीची यादी हातात ठेवतो त्याच्याकडून मूल घरी परत आणावे, असे माझे मत आहे. यंत्र महाग असले तरी बिघडतेच. टोकियोला मनू भाकरचे पिस्तूल ऐन स्पर्धेत बिघडले होते, आणि तीन वर्षांनी तीच पॅरिसला गेली.

पंधरा दिवसांनी मी दर्यापूरला गेलो आणि मित्राला म्हणालो, पोरीला पाठव, पण पहिल्या दिवशी तू बरोबर ये. त्याची बायको म्हणाली, "भाऊजी, तुमी असान ना तथी?" मी म्हणालो, असतो. दोन महिने मुलीने अंगणात बाटली धरली. मग रिकामे पिस्तूल आले. एका रविवारी तिला पाच छर्रे मिळाले.

मित्र मागे बाकावर बसला होता, प्रशिक्षकांनी दिलेला चष्मा लावून. पोरीने पिस्तूल उचलले, खाली ठेवले. पुन्हा उचलले, ठेवले. तिसऱ्यांदाही ठेवले, तेव्हा मित्र माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "काऊन ठेवते बे ती?" मी म्हणालो, जमत नाही असे वाटले म्हणून. तो काही बोलला नाही. चौथ्यांदा बार झाला. पाच छर्र्यांना तिला पाऊण तास लागला. ते कार्ड तो घडी न घालता, पिशवीत उभे धरून, एस.टी.ने गावी घेऊन गेला. त्यातली दोन छिद्रे काळ्या गोलात आहेत, तीन बाहेर.